सतरा ऑगस्टची तारीख

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी हॉस्पिटलमधून फोन आला. साडेसहाला अमेरिकेतल्या टीमबरोबर कॉल होता, म्हणून मी हेडफोन लावून लॅपटॉपसमोर बसलेच होते.

"मॅडम, उद्याची तुमची प्रोसिजर होणार नाहीये. उद्या संप आहे ना."

"मग किती वाजता येऊ?" मी विचारलं.

ती मुलगी क्षणभर गप्प झाली. बहुतेक त्या संध्याकाळी तिला असले बरेच फोन करायचे होते आणि प्रत्येक जण काहीतरी विचित्रच बोलत असणार. "उद्या नाहीच होणार मॅडम. पुढची तारीख सोमवारनंतर कळवू." मग तिने सवयीने "थँक यू, हॅव अ नाइस डे" म्हटलं आणि फोन ठेवला.

तारीख होती १६ ऑगस्ट २०२४. दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून रविवारी सकाळी सहापर्यंत, असा चोवीस तासांचा देशव्यापी संप इंडियन मेडिकल असोसिएशनने जाहीर केला होता. ओपीडी बंद, नियोजित शस्त्रक्रिया बंद, अत्यावश्यक सेवा चालू. महाराष्ट्रातले निवासी डॉक्टर तर १३ तारखेपासूनच संपावर होते. कोलकात्याच्या आर. जी. कर हॉस्पिटलमध्ये ३१ वर्षांच्या एका डॉक्टरवर ड्युटीवर असताना बलात्कार करून तिचा खून करण्यात आला होता, त्यानंतरचे ते दिवस. हे सगळं मला माहीत होतं. गेले पाच दिवस मी दुसरं काही वाचतच नव्हते. फक्त त्या संपाचा माझ्या शनिवारच्या साडेसात वाजण्याशी काही संबंध असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं.

त्या साडेसातविषयी आधी सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय एका दिवसाच्या संपाने माझा महिना कसा गेला हे कळणार नाही. कंपनीतल्या लोकांनाही ते कळलं नव्हतं.

दीड वर्ष प्रयत्न करून मूल राहत नव्हतं म्हणून आम्ही तपासण्या केल्या. माझं वय २८, आणि एएमएच ०.९. एएमएच म्हणजे अंडाशयात अंड्यांचा साठा साधारण किती उरलाय याचा अंदाज देणारी रक्ततपासणी. अंडी चांगली की वाईट हे त्यातून कळत नाही. आयव्हीएफच्या वेळी इंजेक्शनं दिल्यावर एका खेपेला कमी अंडी मिळतील एवढं त्यातून सांगता येतं. माझ्या वयाला हा आकडा कमी आहे. त्यात सोनोग्राफीमध्ये गर्भाशयाच्या अस्तरावर दीड सेंटिमीटरचा पॉलिप दिसला. पॉलिप म्हणजे मांसाची छोटी गाठ, माझ्या बाबतीत साधीच. पण ती तिथे असताना भ्रूण आत ठेवायचं म्हणजे पेरणीआधी शेतातला दगड न काढण्यासारखं, असं मॅडम म्हणाल्या. (आमच्या डॉक्टरांना सगळे मॅडमच म्हणतात.) आधी हिस्टेरोस्कोपी करायची, म्हणजे खालून बारीक दुर्बीण आत घालून पॉलिप काढायचा, आणि मगच आयव्हीएफ सुरू करायचं. अर्ध्या तासाचं काम, थोडा वेळ भूल, संध्याकाळी घरी.

फक्त ते कधीही करता येत नाही. पाळी थांबल्यावर आणि अस्तर पुन्हा जाड व्हायच्या आत करायचं असतं, तरच आतलं नीट दिसतं. म्हणजे साधारण सहाव्या ते अकराव्या-बाराव्या दिवसापर्यंत. महिन्याला पाच-सहा दिवसांची खिडकी. त्यातले रविवार वजा करा, मॅडमचे ओटीचे वार बघा, भूलतज्ज्ञांची वेळ बघा, मग उरतात एक किंवा दोन दिवस.

माझी पाळी आली ९ ऑगस्टला. लक्षात आहे, कारण त्या दिवशी नागपंचमी होती आणि सासूबाई कऱ्हाडहून फोनवर मला दिंडं कशी उकडायची ते सांगत होत्या. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, भाजायचं नाही, म्हणून पुरणाची उकडलेली दिंडं. मी एका हाताने कणीक झाकली आणि दुसऱ्या हाताने हॉस्पिटलला फोन लावला, "आज पहिला दिवस आहे." १७ तारीख मिळाली. नववा दिवस, शनिवार, रजा टाकायचीही गरज नाही. मला इतका आनंद झाला की दिंडं फुटली तरी काही वाटलं नाही. कोलकात्यातली ती बातमी त्याच दिवशीची आहे, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

पुढचा आठवडा मी दोन गोष्टी करत होते. एक म्हणजे १७ तारखेची तयारी. विम्याची पूर्वपरवानगी काढली. हे "वंध्यत्वाचे उपचार" नसून "पॉलिप" आहे, हे पटवून देण्यात दोन दिवस गेले. टीममधल्या एकाला माझी ऑन-कॉलची पाळी बदलून घ्यायला सांगितलं. हॉस्पिटलच्या फार्मसीतून आदल्या रात्री ठेवायच्या दोन गोळ्या आणल्या. दुसरी गोष्ट म्हणजे त्या बातम्या. ती ३६ तासांच्या ड्युटीत होती, थोडी पाठ टेकायला सेमिनार हॉलमध्ये गेली होती, कारण झोपायला वेगळी खोली नव्हती. १४ तारखेच्या रात्री कोलकात्यात बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा आमच्या वाकडच्या सोसायटीतल्याही आठ-दहा जणी गेटपाशी मेणबत्त्या घेऊन उभ्या राहिलो. वॉचमनकाकांनी खुर्च्या आणून दिल्या. मी डीपी काळा केला. १६ तारखेला दुपारी डॉक्टरांच्या संपाची बातमी आली, तेव्हा तीही स्टोरीला टाकली. वर लिहिलं, "बरोबर केलं."

आणि त्याच दिवशी संध्याकाळी सहा दहाला मी नवऱ्याला मेसेज केला, "ह्यांना उद्याचाच दिवस मिळाला?"

हा मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे. स्टोरी चोवीस तासांनी आपोआप गेली.

नवरा घरी आला आणि त्याने ताबडतोब फोन लावायला सुरुवात केली. त्याचं असंच असतं, काही बिघडलं की तो दुःखी होण्याआधी पर्याय शोधतो. तीन ठिकाणी विचारलं. दोन हॉस्पिटलांनी नाही म्हटलं. एका छोट्या नर्सिंग होममधल्या बाई म्हणाल्या, "आम्ही केलं असतं हो, पण उद्या भूल द्यायला कुणी येणार नाही." तोपर्यंत माझ्या डोक्यात माझं ऑपरेशन म्हणजे मी आणि मॅडम, एवढंच होतं. भूल देणारे, सलाइन लावणारी, दुर्बीण निर्जंतुक करून ट्रेमध्ये मांडणारी, रात्रभर वॉर्डात असणारी कुणी निवासी डॉक्टर, हे सगळे मिळून "शनिवार, साडेसात" तयार करतात, हे त्यातले लोक गैरहजर झाल्यावर दिसलं. सॉफ्टवेअरमध्येही असंच होतं. सर्व्हर पडतो तेव्हा कळतं की कशावर काय उभं होतं.

रात्री नऊला मॅडमचा स्वतःहून फोन आला. मी त्यांना जरा चढ्या आवाजातच विचारलं की माझ्यासारख्या तारखेला बांधलेल्या केसेसचा काही विचार झाला होता का.

त्या म्हणाल्या, "झाला. आज आमच्याकडे दोघींची अंडी काढायची होती, त्यांची काढली. ट्रिगर इंजेक्शन दिल्यावर साधारण छत्तीस तासांत अंडी काढावीच लागतात, ते थांबत नाही. उद्या कुणाचं असतं तरी काढलं असतं. तुझा पॉलिप थांबू शकतो." मग जरा थांबून म्हणाल्या, "माझी मुलगी पीजी करते आहे. ती आज चार दिवस आंदोलनात बसलीय. उद्या मी नेहमीसारखी ओटी लावली, तर तिला काय सांगू?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी फक्त विचारलं, "पण माझं एएमएच?"

"एका महिन्याने काही बिघडत नाही. खरंच."

त्या रात्री मला झोप आली नाही. काही खायचं-प्यायचं नाही अशी तयारी केलेली रात्र होती, तर उलट दीड वाजता उठून फरसाण खाल्लं आणि मॅडमचं म्हणणं खरं आहे का ते शोधत बसले. कोव्हिडच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये, अमेरिकेतल्या प्रजनन-वैद्यकाच्या संस्थेने नवीन आयव्हीएफ सायकल थांबवायला सांगितलं होतं. तेव्हा जगभरात माझ्यासारख्या बायका हाच प्रश्न विचारत होत्या. त्याच वर्षी न्यूयॉर्कमधल्या एका केंद्राने आपल्या जुन्या नोंदी तपासून एक अभ्यास छापला. ज्यांचा अंड्यांचा साठा कमी आहे, अशा बायकांनी पहिल्या भेटीनंतर तीन महिन्यांच्या आत उपचार सुरू केले काय किंवा तीन ते सहा महिन्यांनी सुरू केले काय, मूल होण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. मी तो निबंध दोनदा वाचला. मॅडम बरोबर होत्या. तरी रडू थांबलं नाही.

कारण वैद्यकीय हिशेबात महिना काहीच नसतो, आणि माझ्याकडचा हिशेब वेगळा होता. माझ्याकडे एक एक्सेल शीट होती. ऑगस्टमध्ये पॉलिप, सप्टेंबरमध्ये इंजेक्शनं, ऑक्टोबरमध्ये भ्रूण आत, दिवाळीला रिपोर्ट. दिवाळीत कऱ्हाडला जाऊ तेव्हा सांगता येईल. इतकी दूरची कल्पना मी त्या शीटमध्ये करून ठेवली होती, आणि एका ओळीतली तारीख हलली तशा खालच्या सगळ्या हलल्या. फॉर्म्युले मीच घातले होते.

आणखी एक शब्द रात्रभर डोक्यात फिरत होता. डॉक्टर ज्याला इलेक्टिव्ह म्हणतात, त्याला वर्तमानपत्रं "नियोजित" म्हणतात आणि शब्दकोशात पाहिलं तर "ऐच्छिक". ऐच्छिक! शाळेत चित्रकला ऐच्छिक असायची. शनिवारच्या पेपरात बातमी होती की नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलण्यात आल्या. त्या अनेकवचनात मी कुठेतरी होते.

सासूबाई माझ्या ऑपरेशनसाठी १५ तारखेलाच एसटीने आल्या होत्या. शनिवारी सकाळी साडेसातला, म्हणजे मी ओटीच्या बाहेर हिरव्या गाऊनमध्ये बसायला हवी होते त्या वेळी, आम्ही तिघं डायनिंग टेबलवर पोहे खात होतो. काय बोलावं ते कुणालाच कळत नव्हतं. मी म्हणाले, "आई, तुमची फेरी फुकट गेली." त्या म्हणाल्या, "माझं काय जातंय? म्हाताऱ्या माणसाला एसटीचं अर्धं तिकीट." मग एकदम म्हणाल्या, "ह्यांच्या संपात आम्ही साडेपाच महिने काढले."

माझे सासरे एसटीत वाहक होते, आता निवृत्त आहेत. २०२१च्या दिवाळीपासून २०२२च्या एप्रिलपर्यंत चाललेल्या एसटीच्या संपात ते शेवटपर्यंत होते. एसटीचं राज्य सरकारात विलीनीकरण करा, ही मागणी. आमचं लग्न तेव्हा ठरत होतं, त्यामुळे मला घरची तंगी ऐकून माहीत होती. पगार बंद, सासूबाईंच्या पाटल्या पतसंस्थेत. पण ही गोष्ट त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितली.

कऱ्हाड आगाराच्या फाटकापाशी हे सगळे मंडप टाकून बसलेले असताना एक बाई आली. बरोबर म्हातारे वडील. त्यांना साताऱ्याला डायलिसिसला न्यायचं होतं, आठवड्यातून दोनदा एसटीनेच न्यायची. त्या बाईने मंडपातल्या एकेकाला धरून शिव्या दिल्या. "तुमच्या पगारापायी माझा बाप मारणार का," म्हणाली. बाकीचे तिच्याशी भांडायला उठले, पण बाबा गप्प बसले. घरी आले, जेवले नाहीत.

"मग दुसऱ्या दिवशी कामावर गेले?" मी विचारलं.

"नाही."

"का?"

"का म्हणजे? बाईचं खरं होतं म्हणून ह्यांचं खोटं झालं का?"

"आणि त्या बाईचं पुढे काय झालं?"

सासूबाईंनी पोह्यांची रिकामी ताटली उचलली. "कोण जाणे. वडापनं गेली असेल. रोज जास्तीचं भाडं भरून."

मी पुणेकर, मला वडाप म्हणजे काय हे लग्नानंतर कळलं. शेअरची जीप, माणसं कोंबून नेणारी. मला त्या दिवशी दुपारभर ती बाई दिसत राहिली, वडिलांना जीपच्या मधल्या सीटवर चढवणारी. संपाबद्दल मी आयुष्यात जे काही वाचलंय, त्यात ती बाई कुठे नव्हती. १९७३ साली मुंबईच्या केईएममध्ये अरुणा शानबागवर हॉस्पिटलच्या तळघरात हल्ला झाला, तेव्हाही मुंबईतल्या नर्सेसनी संप केला होता, नीट काम करता यावं एवढ्यासाठी. त्यानंतर केईएमच्याच नर्सेसनी अरुणाला ४२ वर्षं सांभाळलं, २०१५ मध्ये ती जाईपर्यंत. हे आपल्याला माहीत असतं, असायलाच हवं. त्या संपात कुणाचं टाक्याचं, कुणाचं बाळंतपणाचं, कुणाचं गाठीचं काय झालं, हे मात्र माझ्या वाचनात कुठे आलेलं नाही. त्या लोकांनी ते आपापल्या घरी सांगितलं असेल, "त्या वर्षी माझं ऑपरेशन लांबलं होतं," इतकंच. आणि का लांबलं, ते सांगायचं राहून गेलं असेल.

१९७३ आणि २०२४. मध्ये ५१ वर्षं. तरी ड्युटीवरच्या बाईला पाठ टेकायला कडी असलेली खोली मिळावी, हीच मागणी. माझा राग खरंतर इथे जायला हवा होता. पण राग असा पत्ता विचारून जात नाही. तो त्या फोन करणाऱ्या मुलीवर गेला, मॅडमवर गेला, नवऱ्यावर गेला (तो शांतपणे भांडी घासत होता, त्याचाच राग आला), आणि सगळ्यात जास्त माझ्यावर. त्या मुलीच्या आईवडिलांच्या घरी काय चाललं असेल आणि मी माझ्या तारखेसाठी रडतेय, असं दर दहा मिनिटांनी वाटायचं. असं वाटण्याचा उपयोग शून्य असतो, हे मी अनुभवाने सांगते. स्वतःच्या दुःखाची दुसऱ्याच्या दुःखाशी तुलना करून ते कमी होत नाही, फक्त त्याची लाज वाटायला लागते. मग दोन्ही सांभाळावं लागतं.

सोमवारी राखीपौर्णिमेला हॉस्पिटलमधून फोन आला, बुधवारी २१ तारखेला जागा आहे. मी आनंदाने हो म्हणाले. दहा मिनिटांत मॅडमचा मेसेज, "२१ म्हणजे तेरावा दिवस, अस्तर वाढलेलं असेल. नको. पुढच्या पाळीला पहिल्या दिवशी कळव." आमच्याकडे सर्व्हरवर ठरावीक वेळी आपोआप चालणारी कामं असतात. रात्री दोनला सर्व्हर बंद असला तर दोनचं काम सकाळी सातला चालत नाही, ते दुसऱ्या दिवशीच्या दोनची वाट बघतं. तसंच. डॉक्टरांचा संप चोवीस तासांचा, माझ्या शरीराचा पुढचा नंबर चार आठवड्यांनी.

ते चार आठवडे कसे काढले याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. एक्सेल शीटमधले फॉर्म्युले काढून टाकले आणि तारखांच्या जागी प्रश्नचिन्हं टाकली, त्याने बरं वाटलं. टीममधल्या ज्याने माझी ऑन-कॉलची पाळी घेतली होती, त्याला पुन्हा विचारायचं होतं. "परत?" म्हणाला, तेव्हा मी पहिल्यांदा ऑफिसमध्ये कुणालातरी खरं कारण सांगितलं. तो गडबडला, मग म्हणाला की त्याच्या बहिणीचंही चालू आहे, नाशिकला. संपात तिची सोनोग्राफी हुकली होती. त्यानंतर आम्ही दोघं चहाला जाताना अंडाशयांबद्दल बोलायला लागलो, जे त्याआधी कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. सासूबाई परत गेल्या. बातम्या मात्र मी कमी केल्या. २२ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना कामावर परतायला सांगितलं आणि एकेक संघटना परतू लागली, एवढं बघितलं. कोलकात्याचे ज्युनियर डॉक्टर तरी बसूनच होते.

६ सप्टेंबरला, हरतालिकेला, पाळी यायला हवी होती. आली नाही. त्या एका दिवसात मी काय काय विचार केला ते लिहायलाही लाज वाटते. ऑपरेशन झालं नाही हेच बरं झालं, कदाचित त्यासाठीच संप, वगैरे. मी इंजिनिअर आहे आणि मी असा विचार केला. संध्याकाळी मेडिकलमधून किट आणलं, दुसऱ्या दिवशी पहाटेसाठी ठेवलं. पहाटे ते उघडायची गरज पडली नाही. गणपती बसायच्या दिवशी सकाळी सहाला मी हॉस्पिटलच्या नंबरवर मेसेज केला, "आज पहिला दिवस." मग उकडीला पाणी ठेवलं. १४ तारीख मिळाली. आठवा दिवस, शनिवार.

त्या आठवड्यात भूल देण्याआधीच्या तपासणीसाठी गेले, तेव्हा बाकावर शेजारी शिरूर तालुक्यातली एक बाई होती. तिचीही १७ ऑगस्टच गेली होती. मला निदान फोन आला. तिच्या गावात त्या संध्याकाळी लाइट नव्हती आणि फोन बंद. पहाटे चारला उठून, उपाशीपोटी, नवऱ्याबरोबर मोटरसायकलवर पुण्याला आली आणि फाटकावरच्या माणसाने सांगितलं, आज बंद. मी तिला हळूच म्हटलं, डॉक्टरांचंही बरोबर होतं, कोलकात्याला असं असं झालं. तिला माहीत होतं. "झालं ते वंगाळच झालं," ती म्हणाली. "पण आमचा दोघांचा खाडा झाला, पेट्रोल गेलं, परत आज खाडा. ते कोण देणार?"

सासूबाईंची ती गोष्ट मला तिला सांगता आली नसती. तिच्या बाजूने ती आधीच पूर्ण होती. मी माझ्या डब्यातली खजुराची वडी तिला दिली. तिने नको म्हटलं, तिला रक्त द्यायचं होतं, पोट रिकामं हवं होतं.

पुढचं थोडक्यात. पॉलिप निघाला. ऑक्टोबरमध्ये नवरात्रात इंजेक्शनं सुरू झाली. चार अंडी मिळाली, त्यातून दोन भ्रूण. त्यापुढचं इथे लिहीत नाही, ते अजून चालू आहे. महिना गेला नसता तर पाच मिळाली असती का, हे मी मॅडमना एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, असा हिशेब करता येत नाही. मी अजून कधीकधी करते.

१४ सप्टेंबरला सकाळी साडेसातला मी हिरव्या गाऊनमध्ये ओटीच्या बाहेरच्या खोलीत होते. शेजारच्या मंडळाच्या गणपतीची आरती ऐकू येत होती. सलाइन लावायला एक निवासी डॉक्टर आली. वयाने माझ्याएवढी, किंवा लहानच. केस क्लिपने कसेबसे वर बांधलेले, डोळे सुजलेले, आणि एप्रनच्या खिशाला अजून काळी फीत. तिला माझी शीर सापडेना. दोनदा सुई घातली, दोनदा काढली. "सॉरी हं. कालपासून घरी गेले नाहीये, हात जरा थरथरतोय," असं ती माझ्याशी नाही, सुईशी बोलल्यासारखी म्हणाली.

"तुम्ही संपात होता?" मी विचारलं.

तिने मान वर केली. मी भांडणार आहे की काय, असं तिला वाटलं असावं. "हो. तुमची तारीख गेली होती का?"

"हो. सतराची."

ती काही बोलली नाही. माझा हात उलटा करून तिने मनगटाजवळ अंगठ्याने चाचपलं, रबरी पट्टा घट्ट केला.

"मूठ आवळा," ती म्हणाली.

मी आवळली.